बाथरूमचं दार खालून का सडतं आणि ते कसं वाचवायचं

बाथरूमचं दार अर्धं उघडा, छोटा आरसा पल्ल्याखाली लादीवर ठेवा आणि मोबाइलची टॉर्च मारून पल्ल्याची खालची कड बघा. बहुतेक घरांत ती कोरी दिसेल. रंग नाही, प्रायमर नाही, पॉलिश नाही. काही घरांत ती काळपट, केसाळ झालेली असेल आणि बोट फिरवलं की भुसा गळेल. नवी मुंबईत वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको घरांत हेच दिसतं आणि ठाण्यात घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्येही हेच. कामाची पद्धतच तशी आहे. सुतार पल्ला आणतो, उंबऱ्याच्या मापाने खालून अर्धा-पाऊण इंच कापतो आणि लगेच बिजागऱ्यांवर चढवतो. रंगारी येतो तेव्हा दार लटकलेलं असतं. समोरून, मागून, बाजूने त्याचा हात फिरतो, खाली मात्र ब्रश जात नाही. रोज चार-पाच वेळा भिजणारी कडच नेमकी उघडी राहते.

लाकूड पाणी पितं ते मुख्यतः आडव्या कापातून. खोडात पाणी वर चढवणाऱ्या बारीक नळ्या असतात. लाकूड आडवं कापलं की त्यांची तोंडं उघडी पडतात आणि फळीच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी पट वेगाने पाणी ओढतात. फ्लश डोअरच्या, म्हणजे आतल्या गाभ्यावर दोन्हीकडून प्लाय चिकटवलेल्या सपाट दाराच्या, दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्यांची तोंडं आणि प्लायच्या थरांच्या कडा बरोबर खाली उघडतात. म्हणूनच सड आधी खालच्या दोन कोपऱ्यांत दिसते. दोन्ही अंगांना ऑइल पेंट किंवा सनमायका असल्याने आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकली की कुजवणारी बुरशी वाढते, त्याखाली गेली की थांबते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रताच ८० टक्क्यांच्या पुढे असते. एकदा भिजलेली कड गणपतीपर्यंत सुकत नाही.

थोडक्यात, दाराला दोन अंगं आणि चार कडा अशा सहा बाजू असतात, आणि सहाही बाजू बंद झाल्याशिवाय दार टिकत नाही. दुरुस्ती कोणतीही करा, शेवट इथेच यायला हवा.

पाणी कुठून येतं ते आधी बघा

दार दुरुस्त करून तसंच भिजत ठेवलं तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. बाथरूम धुताना बादलीभर पाणी दारावर मारायची सवय, कमोडजवळच्या जेटचे उडणारे फवारे, दाराच्या हुकावर टांगलेला ओला टॉवेल ही नेहमीची कारणं. टॉवेलचं पाणी पल्ल्यावरून ओघळत खालच्या कडेला येऊन थांबतं आणि तिथेच मुरतं. टॉवेलचा दांडा भिंतीवर घ्या.

मग लादीचा उतार तपासा. दारापाशी मगभर पाणी ओता. ते नाहणी ट्रॅपकडे गेलं तर ठीक. उंबऱ्याला चिकटून साचलं तर तेवढी लादी उचलून उतार दुरुस्त करावा लागेल. तोपर्यंत उंबऱ्याच्या आतल्या बाजूला सिलिकॉनचा सलग पट्टा द्या. लादी आणि ग्रॅनाइटच्या सांध्यातून पाणी खाली उतरायचं तरी थांबेल. बाथरूममध्ये एक्झॉस्ट पंखा असेल तर अंघोळीनंतर १५-२० मिनिटं चालू ठेवा. पंख्याला आत हवा लागते ती दाराखालून, म्हणून दार आणि उंबरा यांच्यात १० ते १२ मिलिमीटर फट हवी. ती फट "पाणी बाहेर येतं" म्हणून रबराच्या पट्टीने बंद करणारे बरेच असतात. पाणी बाहेर येत असेल तर चूक उंबऱ्याची उंची कमी असण्यात आहे.

दार अडकतंय म्हणून लगेच रंधा नको

पहिल्या मोठ्या पावसानंतर दार चौकटीला घासायला लागतं, सुतार येतो, रंधा मारतो आणि दार सुटतं. जानेवारीत त्याच जागी पाव इंचाची फट दिसते. शिवाय रंध्याने कडेचा रंग सोलून काढलेला असतो, म्हणजे पुढच्या पावसात तीच कड दुप्पट पाणी पिते.

आधी घासतंय कुठे ते बघा. चौकटीच्या आतल्या कडेला रंगीत खडू फिरवा आणि दार दोन-तीनदा लावा-उघडा. कडीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यातच खडू लागला तर लाकूड फुगलेलं नाही, वरची बिजागरी सैल होऊन दार बसलं आहे. तिचे स्क्रू कसा. कडीच्या बाजूला वरपासून खालपर्यंत सारखा खडू लागला तर मात्र दार रुंदीत फुगलं आहे. लाकूड उंचीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. अशा वेळी घासणाऱ्या जागेवर पांढरी मेणबत्ती जोर देऊन घासा आणि पावसाळा निभावून न्या. दिवाळीनंतर दार सुकलं की पुन्हा खडू लावा. तेव्हाही घासत असेल तरच रंधा, आणि रंधा मारलेल्या जागेला त्याच दिवशी प्रायमर. बाजूंना २ ते ३ मिलिमीटर फट पुरते. मोजायला सनमायकाचे तीन तुकडे एकावर एक ठेवून सरकवा. एक तुकडा साधारण १ मिलिमीटरचा असतो.

किती सडलंय

टोकदार टोचा किंवा बारीक स्क्रू-ड्रायव्हर घ्या. खालच्या कडेपासून वर दर दोन इंचांवर, आडवं दर चार इंचांवर दाबत जा. कोपरे आणि कडीची भोकं सोडू नका. टोक आत जात नसेल आणि फक्त रंगाचे पोपडे आले असतील तर काम सँडिंग आणि रंगाचं आहे. प्लायचे पदर सुटून फुगले असतील पण आतली पट्टी टणक असेल तर चिकटवून भागेल. टोचा चार-पाच मिलिमीटर सहज आत जात असेल तर तेवढा भाग कापायचा. त्याच्यावर लांबी (रंगाआधी खड्डे बुजवायची पुट्टी) भरून रंग मारला तर वरून दार नवं दिसतं, आत सड चालूच राहते.

ठोकूनही बघा. भरीव जागी आवाज ठस येतो, पदर सुटलेल्या जागी पोकळ. त्या जागेभोवती पेन्सिलने रेघ मारून ठेवा. रंग खरवडताना मातीच्या बारीक नळ्या किंवा आतून कोरलेली लाकडाची कागदी खोळ दिसली तर ती वाळवी. तिची वाट जमिनीतून किंवा चौकटीमागच्या भिंतीतून असते. आधी पेस्ट कंट्रोलवाल्याकडून भिंतीच्या बुडाशी ड्रिल करून औषध भरून घ्या, मग दाराला हात लावा.

उतरवणं आणि सुकवणं

अडीच फूट रुंद, ३० मिलिमीटर जाडीचं भरीव दार २५ ते ३० किलो भरतं, म्हणून दोन माणसं हवीत. दार उघडं ठेवून पुढच्या कोपऱ्याखाली पाचर सारा, म्हणजे वजन बिजागऱ्यांवर राहणार नाही. खालच्या बिजागरीचे स्क्रू आधी, मग मधली, सगळ्यात शेवटी वरची. उलट केलंत तर पल्ला वरून कलंडतो आणि खालची बिजागरी चौकटीचं लाकूड उपटून आणते. स्क्रूच्या खाचेत रंग भरला असेल तर आधी टोचाने तो काढा, मग स्क्रू-ड्रायव्हरवर हातोडीचा हलका ठोका देऊन फिरवा.

पल्ला दोन स्टुलांवर आडवा ठेवा. खालच्या सहा-सात इंचांवरचा रंग दोन्ही बाजूंनी खरवडा. रंग असेपर्यंत लाकूड सुकत नाही. पंखा लावून पाच ते सात दिवस ठेवा, रोज उलटा. गच्चीवर उन्हात नेऊ नका. एक बाजू तापून दार वाकतं, वरचा पदर फाटतो. सुकलं की नाही हे कळायला पॉलिथिनचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव आलं तर अजून दोन दिवस. ओल्या लाकडावर कोणतंही गोंद, पुट्टी किंवा रंग टिकत नाही. या कामातल्या बहुतेक फसलेल्या दुरुस्त्या इथेच, घाईत, फसतात. बाथरूमला आठवडाभर पडदा लावा.

पावसाळ्यातच दार उतरवायची वेळ आली तर सुकायला दुप्पट दिवस धरा. दसऱ्यापासून मेअखेरपर्यंतचा काळ या कामाला चांगला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत उत्तम.

पदर सुटले असतील तर

सुटलेला पदर पातळ सुरीने हलकेच उचला, आतला भुसा आणि जुना गोंद टूथब्रशने काढा, फुंकून साफ करा. पदर तुटेल इतका उचलायचा नाही. केमिस्टकडे मिळणाऱ्या सुई नसलेल्या सिरिंजने आत गोंद सोडा. साधा पांढरा फेविकॉल इथे चालत नाही, पाणी लागलं की तो पुन्हा मऊ पडतो. फेविकॉल मरीन किंवा दोन भागांचं अराल्डाइट घ्या. अराल्डाइटचे दोन्ही भाग सारख्या मापाने. वर पॉलिथिन, त्यावर दोन्ही बाजूंनी सरळ पट्ट्या, आणि दर सहा इंचांवर सी-क्लॅम्प. गोंद कडेतून बारीक मण्यांसारखा बाहेर आला की दाब बरोबर आहे. सगळाच वाहून गेला तर जास्त आवळलं. २४ तास हात लावू नका.

खालचा भाग कुजला असेल तर

हे काम मन लावून केलं तर जुनं दार आणखी बरीच वर्षं जातं. सडलेल्या शेवटच्या खुणेच्या वर दोन इंच धरून गुण्याने आडवी रेघ मारा. दोन इंच जास्त अशासाठी की बुरशीचे तंतू दिसणाऱ्या सडीच्या पुढे गेलेले असतात. रेघेवर दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप चिकटवा, टेपवर धारदार कटरने दोन-तीनदा रेघ ओढा आणि मग सरळ पट्टी क्लॅम्प करून हातातल्या गोल करवतीने कापा. कटरची रेघ नसेल तर करवत वरच्या पदराचे झुपके उपटते.

कापलेलं तोंड आता नीट बघा. लाकूड स्वच्छ, टणक, एकाच रंगाचं असायला हवं. तपकिरी डाग किंवा मऊ जागा दिसली तर अजून अर्धा इंच कापा. चार इंचांच्या वर कापावं लागत असेल तर जोड डॉवेल (लाकडी खुंट्या) घालूनच करावा लागतो. ते काम सुताराकडे द्या.

उरलेल्या लाकडाला बुरशीविरुद्ध औषध पाजायचं. १ लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम टाकणखार आणि ४० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा. बोरिक पावडर केमिस्टकडून घ्या. कॅरमसाठी म्हणून मिळणारी प्रत्येक पावडर शुद्ध बोरिक असेलच असं नाही. हातमोजे घाला, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका, मुलांपासून लांब ठेवा. ब्रशने कापलेल्या तोंडावर आणि आसपास तीन हात, प्रत्येक हातामध्ये अर्धा तास. तीन दिवस सुकू द्या. वर पांढरी भुकटी येईल, ती कोरड्या ब्रशने पूर्ण झाडा, कारण तिच्यावर गोंद धरत नाही.

जोडायची पट्टी सागाची किंवा सालाची, नीट सुकलेली घ्या. त्याहून चांगली डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेली), कारण ती पाणी पीत नाही. डब्ल्यूपीसी दारं विकणाऱ्यांकडे ३० मिलिमीटरचे कापून उरलेले तुकडे विचारा. जाडी दाराएवढीच हवी. अर्धा मिलिमीटर जास्त चालेल, घासून सपाट करता येते, कमी असेल तर खड्डा राहतो.

आता स्क्रूचं गणित. समजा पट्टी तीन इंचांची आहे. खालून १२ मिलिमीटरच्या बिटने दीड इंच खोल भोक पाडा, त्याच्या तळातून पुढे ३ मिलिमीटरचं बारीक भोक पट्टी ओलांडून दाराच्या पोटात न्या. साडेतीन इंची स्टीलचा स्क्रू या मोठ्या भोकात बुडवला की दीड इंच पट्टीत बसतो आणि दोन इंच दारात घुसतो. अडीच फुटी दाराला असे पाच स्क्रू, कोपऱ्यांपासून तीन-तीन इंच सोडून. उभ्या पट्टीच्या तोंडात स्क्रूची पकड मुळातच कमजोर असते, म्हणून बारीक भोकात सिरिंजने अराल्डाइट सोडून मग स्क्रू फिरवा. जोडाच्या दोन्ही तोंडांना अराल्डाइट पातळ लावून पाच मिनिटं थांबा. दाराचं कापलेलं तोंड ते पिऊन टाकेल. पुन्हा एक थर द्या आणि जोडा. ही पाच मिनिटं सोडली तर सगळा गोंद लाकूड ओढून घेतं आणि जोड कोरडा राहतो. स्क्रू बसले की मोठी भोकं एम-सीलने ठासून भरा.

आत भरीव लाकूड नसेल, म्हणजे दोन प्लायच्या मध्ये पार्टिकल बोर्ड किंवा कागदाची जाळी निघाली, तर आतलं दीड इंच पटाशीने कोरून काढा आणि दोन प्लायमध्ये घट्ट बसेल असा लाकडाचा ठोकळा गोंद लावून आत सारा. बाहेरून पट्टी जोडण्यापेक्षा हे मजबूत होतं.

बारीक खड्डे भरायला एम-सील किंवा गाडीच्या डेंटिंगला वापरतात ते बॉडी फिलर. फिलरमध्ये हार्डनर साधारण २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम. दहा मिनिटांत घट्ट होतं, तेव्हा थोडं थोडं कालवा. खडूची लांबी, भिंतीची पुट्टी आणि भुसा-फेविकॉलचं मिश्रण बाथरूमच्या दाराला वापरू नका. लांबी पाणी शोषते, भिंतीची पुट्टी दार आपटलं की तडकते, भुसा-फेविकॉल भिजला की फुगतो. कोरड्या खोलीत भुसा-फेविकॉल चालतं.

पत्रा मारायचा का

आपल्याकडे बाथरूमच्या दाराला आतून खाली फूटभर अॅल्युमिनियमचा पत्रा मारायची जुनी रीत आहे. कल्पना चांगली, पण मारण्याची पद्धत दाराला मारते. लोखंडी चुका म्हणजे बारीक खिळे ठोकतात, प्रत्येक खिळ्याचं भोक पाणी आत घेतं, पत्र्याची वरची कड उघडी राहते आणि वरून ओघळलेलं पाणी पत्र्यामागे जाऊन बसतं. वर्षभराने पत्रा चकचकीत आणि मागे भुसा.

लावायचा तर असा लावा. आधी लाकूड पूर्ण सील आणि रंगवून घ्या, पत्रा कोऱ्या लाकडावर कधीच नाही. पाठीमागे पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट किंवा सिलिकॉनच्या रेषा दोन-दोन इंचांवर, चारी कडांना सलग एक रेषा. दाबून बसवा, बाजूंना स्टीलचे अर्धा इंची स्क्रू सहा-सहा इंचांवर, प्रत्येक स्क्रूच्या भोकात सिलिकॉनचा थेंब. शेवटी वरच्या कडेला सिलिकॉनचा पट्टा देऊन ओल्या बोटाने उतरता करा, म्हणजे पाणी अडून बसणार नाही. दर मे महिन्यात फक्त हा वरचा पट्टा तपासा. खालच्या कडेला यू आकाराचं चॅनेल घालायचं असेल तर ते सीलंटने पूर्ण भरूनच. रिकामं चॅनेल म्हणजे दाराखाली बांधलेली पन्हळ.

सील आणि रंग

सँडिंग ८०, मग १२०, शेवटी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने. चारी कडांचे धारदार कोपरे २ मिलिमीटर गोल करा. धारेवर रंग थांबत नाही, मागे सरकतो, आणि पोपडा नेहमी तिथूनच सुरू होतो.

खालच्या कडेला आणि कापलेल्या प्रत्येक जागेला पातळ, दोन घटकांचं एपॉक्सी सर्वांत भरवशाचं. ५० ग्रॅम पुरतं. पहिला हात लाकूड पिऊन टाकेल, चिकट असतानाच दुसरा द्या. वरची कडही घ्या. ती भिजत नाही, पण अंघोळीची सगळी वाफ वरच जाते. कडीची, कुलपाची, हुकाची भोकं, बिजागऱ्यांच्या खाचा यांच्यातही ब्रशचं टोक घाला. कॉटन बडने हे छान होतं. एपॉक्सी नसेल तर ऑइल प्रायमर: २५० मिलिलिटरला ५० मिलिलिटर टर्पेंटाइन घालून पहिला हात पातळ, कड पिणं थांबेपर्यंत दहा-दहा मिनिटांनी पुन्हा, मग दुसऱ्या दिवशी न पातळ केलेला हात.

अंगांना प्रायमरचा एक हात आणि ऑइल पेंटचे दोन. अडीच बाय पावणेसात फुटांच्या दाराच्या दोन्ही अंगांचं क्षेत्र सुमारे ३४ चौरस फूट होतं. त्याला अर्धा लिटर प्रायमर आणि एक लिटरचा रंगाचा डबा पुरून थोडा उरतो. तो झाकण घट्ट लावून जपून ठेवा, कडांचे टवके उडाले की लागतो. दोन हातांत २४ तास, पावसाळी हवेत ४८. मधे २२० चा कागद हलका फिरवा. खिडक्या उघड्या ठेवा, आणि थिनर-टर्पेंटाइन असताना शेजारच्या स्वयंपाकघरात गॅस पेटवू नका.

लाकडाचा रेषा दिसणारा पोत हवा असेल तर बाहेरच्या वापराचं दोन घटकांचं पीयू घ्या, आणि त्यात पीयूचाच थिनर, एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर नाही. उघड्या पॅसेजमधल्या सागवानी मुख्य दाराला फ्रेंच पॉलिश असेल तर पावसाच्या शिंतोड्यांनी पांढरे डाग पडतात. स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेलं सुती फडकं एकाच दिशेने हलकं फिरवलं की ते बहुतेक जातात. दरवर्षी हेच करायचं नसेल तर ते पॉलिश उतरवून पीयू करा.

दार उतरवणं अगदीच शक्य नसेल तर पातळ प्लायच्या पट्टीवर जुन्या पायपुसण्याचा तुकडा चिकटवा, प्रायमरमध्ये बुडवून दाराखालून सरकवत न्या, दोन दिवस, दिवसाला दोनदा. पूर्ण काम याने होत नाही, पण कोऱ्या कडेपेक्षा फार बरं.

चौकट

लाकडी चौकटीचे पाय फरशीच्या खाली गाडलेले असतील तर ते खालून पाणी ओढतात. आपल्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. लादीच्या सांध्यातून मुरलेलं पाणी त्या कोब्यात साचून राहतं आणि चौकटीचे पाय त्यातच उभे असतात. वरून कितीही रंग दिला तरी त्याचा उपयोग नाही.

इथे एकच जपायचं: पाय उखडून काढायला छिन्नी-हातोडा चालवू नका. लादीखालचा वॉटरप्रूफिंगचा थर फुटतो आणि दाराच्या खर्चाऐवजी खालच्या घराच्या छताचा खर्च गळ्यात पडतो. सडलेल्या भागाच्या वर दोन इंचांवर चौकट तिरकी कापा, असा तिरकेपणा की जोडावर आलेलं पाणी बाथरूमच्या बाजूला उतरेल. खालचा तुकडा लादीच्या पातळीला बारीक करवतीने कापून काढा आणि जमिनीत उरलेलं खोड कोरून त्यात एपॉक्सी ओता. मग त्या जागी ग्रॅनाइटचा किंवा डब्ल्यूपीसीचा तुकडा बसवा. लाकूड वापरायचंच असेल तर लादीपासून ६ ते ८ मिलिमीटर वर ठेवून फट पीयू सीलंटने भरा. लाकडाने लादीला टेकायचं नाही. बाथरूमचं पूर्ण नूतनीकरण निघालंच असेल तर चौकट ग्रॅनाइटची करून मोकळे व्हा.

बिजागऱ्या

खाडीजवळची हवा खारी. कोपरी, ऐरोली, वाशी भागात लोखंडी बिजागऱ्या लवकर गंजतात, फुगतात आणि दार ओढतात. ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या चार इंची तीन बिजागऱ्या घ्या आणि स्क्रूही स्टीलचेच. स्टीलच्या बिजागरीला लोखंडी स्क्रू लावला तर तो स्क्रू आणखी लवकर गंजतो. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर १० मिलिमीटरचं भोक पाडून सागाची गुळगुळीत खुंटी मरीन गोंद लावून ठोका, सपाट कापा आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात नवं भोक पाडा.

बाल्कनीचं दार

आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिणेकडची दारं जास्त मार खातात. लाकडी दाराला बाहेरून खाली दीड-दोन इंच पुढे येणारी, वरून उतरती पट्टी लावा आणि तिच्या खालच्या बाजूला पुढच्या कडेपासून अर्धा इंच आत ३-४ मिलिमीटरची खाच काढा. ओघळणारं पाणी खाचेपाशी तुटून खाली पडतं, मागे दाराकडे येत नाही. छज्जाच्या पोटातली खाच बुजली असेल तर तीही मोकळी करा. अॅल्युमिनियमच्या सरकत्या दाराच्या ट्रॅकमध्ये बाहेरच्या बाजूला पाणी जायची बारीक भोकं असतात. मृग लागायच्या आधी ती टूथब्रश आणि तारेने साफ करा. ती तुंबली की ट्रॅक भरतो आणि पाणी थेट हॉलमध्ये येतं.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी भरतीचं वेळापत्रक जवळ ठेवावं. नवी मुंबईचा बराच भाग भराव घातलेला सखल आहे आणि पावसाचं पाणी धारण तलावांतून खाडीत जातं. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला तर ते उतरायला वेळ लागतो. घरात पाणी शिरून गेलं असेल तर दार आधी साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवा, कारण त्या पाण्यात गटाराची घाण असते. मग खालची हार्डवेअर काढून भोकं मोकळी ठेवा आणि वर सांगितल्याप्रमाणे सुकवा. ओलं असताना पल्ला भिंतीला तिरका टेकवून ठेवू नका, तसाच वाकतो.

बदलायचं असेल तर

सड खालच्या बिजागरीपर्यंत चढली असेल किंवा पदर सगळीकडेच सुटत असतील तर दुरुस्तीवर पैसे घालू नका. पीव्हीसी दार स्वस्त आणि पाण्याला पक्कं, पण हलकं. बिजागऱ्यांपाशी लवकर खिळखिळं होतं. एफआरपी, म्हणजे फायबरग्लासचं दार बाथरूमसाठी चांगलं, मात्र उंची-रुंदी आधीच मोजून मागवा, कडा कापल्या तर आतला गाभा उघडा पडतो. डब्ल्यूपीसी जड असतं. स्क्रूसाठी आधी भोक पाडल्याशिवाय फिरवू नका, फाटतं.

लाकडी फ्लश डोअरच हवं असेल तर आयएसआय खूण आणि आयएस २२०२ हा क्रमांक बघा, आणि चिकटवायला फिनॉलिक रेझिन वापरलं आहे का ते बिलावर लिहून घ्या. युरियाच्या रेझिनचं दार कोरड्या बेडरूमला ठीक, बाथरूमला नाही. सुतार दार बसवताना खालून जो तुकडा कापतो तो फेकू देऊ नका. जुन्या पातेल्यात पाणी उकळून तो तीन तास उकळत ठेवा, पाणी कमी झालं की भर घाला. मरीन प्लायला आयएस ७१० प्रमाणे ७२ तासांच्या उकळीची चाचणी असते, त्यामानाने हे काहीच नाही. तीन तासांत पदर सुटले तर दार दुकानात परत न्यायची वेळ तीच, रंगाआधी आणि बिजागऱ्यांच्या खाचा पाडण्याआधी. पदर धरून राहिले तर सुताराला तासभर थांबवा, कापलेल्या खालच्या कडेला एपॉक्सीचे दोन हात द्या, ते हाताला चिकटेनासं झालं की मग पल्ला चढवू द्या.